सीआयसीआयडीएस-२०१७: फुकटचा डेटासेट आणि महागात पडणारे ९९ टक्के

पाच दिवसांचं नेटवर्क ट्रॅफिक, दोन वेगवेगळ्या साच्यांतल्या सीएसव्ही फायली, सुमारे ५० जीबी कच्ची पॅकेट्स (नेटवर्कवरून गेलेले डेटाचे मूळ तुकडे) आणि किंमत शून्य. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक विद्यापीठाच्या ‘कॅनेडियन इन्स्टिट्यूट फॉर सायबरसिक्युरिटी’ने बनवलेला सीआयसीआयडीएस-२०१७ हा डेटासेट नेटवर्कमधली घुसखोरी ओळखण्याच्या संशोधनात चांगलाच रुळला आहे. एआय आणि सायबर सुरक्षा असा जोडविषय घेऊन कुणी एम.टेक. किंवा पीएच.डी.ला बसलं की महिन्याभरात तो डाउनलोड झालेला असतो. अल्गोरिदम नंतर दहा वेळा बदलतो. डेटासेट मात्र एकदा धरला की सहसा प्रबंधाच्या शेवटच्या पानापर्यंत तोच राहतो, म्हणून तो आधी ठोकून-वाजवून घेतलेला बरा.

निकाल आधीच सांगतो. हात बसवायला हा माल उत्तम आहे. एखाद्या संशोधनाचा एकमेव पुरावा म्हणून तो धोक्याचा आहे. आणि २०१७च्या मूळ सीएसव्ही फायली आता कुणी वापरूच नयेत, त्यांची दुरुस्त आवृत्ती मिळते.

घराणं

या संस्थेचे संस्थापक संचालक प्रा. अली घोरबानी. त्यांच्या संशोधनाचा मोठा भाग डेटा तयार करण्यात आणि तपासण्यात गेलेला आहे. त्यांच्या डेटासेट्सच्या आधी या क्षेत्रात सगळे ‘केडीडी कप ९९’ हा डेटासेट वापरत. एमआयटीच्या लिंकन लॅबने १९९८ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या नेटवर्कची नक्कल उभी करून घेतलेल्या ट्रॅफिकवर तो बेतलेला होता: ४१ रकाने, सुमारे ४९ लाख नोंदी. २००९ मध्ये तवल्लाई, बघेरी, लू आणि घोरबानी यांनी त्याची चिरफाड केली. प्रशिक्षणाच्या भागातल्या सुमारे ७८ टक्के आणि चाचणीच्या भागातल्या ७५ टक्के नोंदी दुबार निघाल्या. त्या गाळून त्यांनी एनएसएल-केडीडी बनवला: प्रशिक्षणाला १,२५,९७३ आणि चाचणीला २२,५४४ नोंदी. पुढे आयएससीएक्स-२०१२, मग हा २०१७चा, मग २०१८चा अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवरचा, २०१९चा डीडॉसचा (अनेक यंत्रांनी मिळून सर्व्हर गुदमरवणारा हल्ला), २०२३चा आयओटीचा (इंटरनेटला जोडलेल्या वस्तू). एका माणसाच्या नावावर एवढे डेटासेट असतील तर त्याच्या कारकिर्दीचं मोजमाप त्याने सुचवलेल्या मॉडेल्सपेक्षा या फायलींवरूनच व्हायला हवं.

ज्या गटाने केडीडीतली खोट दाखवली त्याच गटाच्या मालाची तशीच चिरफाड २०२१ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हनच्या संशोधकांनी केली. ती शक्य झाली, कारण घोरबानींच्या गटाने सीएसव्हीसोबत कच्ची पॅकेट्सही खुली ठेवली होती. या मालाचा सगळ्यांत मोठा गुण हाच. मूळ पॅकेट्स न देता नुसते रकाने देणारे डेटासेट आजही निघतात, आणि त्यांत काय चुकलं आहे हे कुणालाच कधी कळणार नाही.

डब्यात काय आहे

रेकॉर्डिंग सोमवार ३ जुलै २०१७ सकाळपासून शुक्रवार ७ जुलै संध्याकाळपर्यंतचं. सोमवारी एकही हल्ला नाही, फक्त नेहमीची वर्दळ. मंगळवारी एफटीपी (फायली पाठवण्याची सेवा) आणि एसएसएचचे (दुरून लॉगिनची सेवा) पासवर्ड फोडण्याचे प्रयत्न. बुधवारी डॉसचे, म्हणजे सर्व्हर गुदमरवण्याचे, चार प्रकार (स्लोलोरिस, स्लोएचटीटीपीटेस्ट, हल्क, गोल्डनआय) आणि हार्टब्लीड, म्हणजे ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरमधल्या छिद्रावरचा हल्ला. गुरुवारी सकाळी वेबवरचे हल्ले, दुपारी आत शिरकाव. शुक्रवारी बॉट (दुरून हुकूम घेणारी बाधित यंत्रं), पोर्ट स्कॅन (यंत्राचे कुठले पोर्ट, म्हणजे सेवांचे दरवाजे, उघडे आहेत ते चाचपणं) आणि डीडॉस. नेहमीची वर्दळ खऱ्या माणसांची नाही: २५ वापरकर्त्यांच्या सवयींचा आराखडा बांधून यंत्राने ती तयार केली आहे.

एकूण २८,३०,७४३ फ्लो. फ्लो म्हणजे दोन यंत्रांमधल्या एका संभाषणाचा गोषवारा: किती पॅकेट्स गेली, किती आली, किती मायक्रोसेकंद लागले, दोन पॅकेट्समधलं सरासरी अंतर किती, असे ७८ आकडे आणि शेवटी लेबल. त्यातले २२,७३,०९७ फ्लो निरुपद्रवी आहेत, म्हणजे ८०.३ टक्के. डोळे मिटून सगळ्यांना ‘निरुपद्रवी’ म्हणणाऱ्या प्रोग्रामलाही इथे ८० टक्के अ‍ॅक्युरसी मिळते. ‘आमचं मॉडेल ९२ टक्के अचूक’ असं वाचलं की आधी हे ८० वजा करून पाहायचं.

हल्ल्यांची वाटणी फार विषम आहे. हल्कचे २,३१,०७३ फ्लो, पोर्ट स्कॅनचे १,५८,९३०, डीडॉसचे १,२८,०२७. या तिघांनीच हल्ल्यांचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग व्यापला आहे. दुसऱ्या टोकाला शिरकावाचे ३६, एसक्यूएल इंजेक्शनचे (वेबपानातून डेटाबेसला हुकूम घुसवणं) २१ आणि हार्टब्लीडचे ११. आठास दोन अशी विभागणी केली तर चाचणीत हार्टब्लीडचे दोन फ्लो येतात. दोन्ही ओळखले तर १०० टक्के, एक चुकला तर ५०. पेपरातल्या तक्त्यात तरीही ‘हार्टब्लीड: १.००’ असं छापलेलं असतं, आणि ते कोणी विचारत नाही.

त्या ११ फ्लोंकडे जरा जवळून पाहा. बहुतेकांचा कालावधी १२ कोटी मायक्रोसेकंदांच्या, म्हणजे १२० सेकंदांच्या जरासा अलीकडे थांबतो. हे फ्लो बनवणाऱ्या सीआयसीफ्लोमीटर या साधनात १२० सेकंदांनंतर फ्लो तोडायचा असा ठरलेला नियम आहे. हल्ला चालला साधारण वीस मिनिटं. म्हणजे हे अकरा हल्ले नाहीतच, एकाच लांबलचक संभाषणाच्या अकरा फोडी आहेत. त्यातल्या नऊ फोडी दाखवून उरलेल्या दोन ओळखायला लावल्या तर कुठलंही मॉडेल ओळखेल.

फाईल उघडल्यावर

सीएसव्हीचे दोन गठ्ठे आहेत. ‘मशीनलर्निंगसीएसव्ही’ हा छोटा: आठ फायली, आयपी आणि वेळ काढून टाकलेली, लेबलासह ७९ रकाने. ‘जनरेटेडलेबल्डफ्लोज’ हा मोठा: ८५ रकाने, त्यात आयपी, पोर्ट आणि टाइमस्टॅम्प. घाईत असलेले पहिला घेतात. संशोधन करायचं तर दुसरा हवा, कारण वेळ आणि आयपीशिवाय चूक शोधायला जागाच उरत नाही.

दोन्हींत साफसफाई आलीच. रकान्यांच्या नावांआधी मोकळी जागा सुटलेली आहे. ‘लेबल’ नावाने शोधलं तर पायथनची पांडाज लायब्ररी म्हणते असा रकाना नाही, म्हणून सगळी नावं आधी छाटून घ्यायची. ‘फॉरवर्ड हेडर लेंग्थ’ हा रकाना दोनदा आहे, एक काढायचा. वेबवरच्या हल्ल्यांच्या लेबलात मधली रेघ विंडोजच्या जुन्या कॅरेक्टर सेटमधली आहे, त्यामुळे यूटीएफ-८ ने वाचताना फाईल अडते किंवा लेबलात कचरा येतो. एन्कोडिंग सीपी-१२५२ द्या. मोठ्या गठ्ठ्यात गुरुवार सकाळच्या फाईलच्या शेवटी २,८८,६०२ निव्वळ रिकाम्या ओळी आहेत. त्या न काढता एकूण ओळी मोजल्या तर ३१ लाखांचा आकडा येतो, आणि काही पेपरांत तोच छापलेला सापडतो. टाइमस्टॅम्पमध्ये बारा तासांचं घड्याळ आहे आणि सकाळ-दुपार लिहिलेली नाही. १ ते ५ हे तास दुपारचे धरून १२ मिळवावे लागतात, नाहीतर शुक्रवारचा डीडॉस पहाटेचा ठरतो.

‘फ्लो बाइट्स पर सेकंद’ आणि ‘फ्लो पॅकेट्स पर सेकंद’ या दोन रकान्यांत अनंत आणि रिकाम्या किमती आहेत. कारण साधं आहे: कालावधी शून्य मायक्रोसेकंद, त्याने भागाकार. अशा ओळी २,८६७. त्या टाकून देण्याचा प्रघात आहे, पण आधी त्यांची लेबलं मोजून घ्या. कुठल्या वर्गातले किती गळाले हे पेपरात लिहिणं तुमचं काम. आठ रकाने सगळीकडे शून्य आहेत, त्यातले सहा ‘बल्क’चे आणि दोन उलट दिशेच्या पुश व अर्जंट फ्लॅगचे. ‘आम्ही फीचर सिलेक्शनने ७८ चे ७० केले’ असं कुणी म्हणालं तर बहुधा हेच आठ गेलेले असतात.

दुबार ओळी तीन लाखांहून जास्त आहेत. केडीडीवरचा आक्षेप आठवतो का? तोच. आयपी आणि वेळ काढली की पोर्ट स्कॅन किंवा डॉसचे फ्लो एकमेकांच्या कार्बन कॉपी दिसू लागतात. विभागणीच्या आधी त्या गाळल्या नाहीत तर तीच ओळ प्रशिक्षणातही असते आणि चाचणीतही.

मेमरीचा हिशेब: २८.३ लाख ओळी गुणिले ७९ रकाने गुणिले ८ बाइट म्हणजे सुमारे १.८ जीबी. गूगल कोलॅबच्या मोफत खात्यात मावतं. मात्र त्यावर स्केलिंगची एक प्रत, विभागणीची दुसरी, स्मोटची (छोट्या वर्गांचे कृत्रिम नमुने बनवण्याची पद्धत) तिसरी अशा काढत गेलं की नोटबुक बंद पडतं. आकडे ३२ बिटांत घेतले की निम्म्यावर येतं. लांब कालावधींत काही मायक्रोसेकंदांची अचूकता जाते, झाडांवर (डिसिजन ट्री) आधारित मॉडेलला त्याचा फरक पडत नाही.

खरी खोट कुठे आहे

आतापर्यंतचं सगळं झाडू-पोछ्याचं काम. त्याने सुटत नाही असा दोष फ्लो बनवणाऱ्या साधनातच आहे.

टीसीपी या इंटरनेटच्या मूलभूत प्रोटोकॉलवरचं संभाषण संपताना एक बाजू ‘फिन’ (संपलं अशी खूण) पाठवते, दुसरी पोच देते, मग दुसरी आपलं ‘फिन’ पाठवते आणि पहिली पोच देते. जुनं सीआयसीफ्लोमीटर पहिलं ‘फिन’ दिसताच फ्लो बंद करून टाकतं. मागून येणारी दोन-तीन पॅकेट्स मग अनाथ होतात आणि त्यांचा नवा फ्लो बनतो: आत मजकूर शून्य, कालावधी क्षणभर, आणि कधीकधी दिशाही उलटी, कारण नव्या फ्लोतलं पहिलं पॅकेट पाठवणारा तो ‘पाठवणारा’ धरला जातो. एंगेलन, रिमर आणि योसेन यांनी २०२१ मध्ये या तुकड्यांना ‘टीसीपी अपेंडिक्स’ असं नाव दिलं. शरीरातल्या अपेंडिक्ससारखेच, असून उपयोग नाही आणि असल्याने दुखणं. हल्ल्याच्या संभाषणाचं शेपूट ‘हल्ला’ म्हणून आणि साध्या वेबपानाचं शेपूट ‘निरुपद्रवी’ म्हणून शिकवलं जातं. दोन्ही शेपटं मात्र सारखीच. मॉडेलला त्यांतून वेगळं काही शिकायचं तर ते यंत्राची ओळख शिकणार, हल्ल्याची नाही. ‘आरएसटी’ने (एकदम तोडण्याची खूण) तुटलेल्या जोडण्या तर या साधनाला संपलेल्या वाटतच नाहीत. १२० सेकंदांच्या आत तोच पोर्ट पुन्हा वापरला गेला की दोन वेगळी संभाषणं एका फ्लोत जातात.

एक मजा स्वतः पाहता येते. मोठ्या गठ्ठ्यात ८.६.०.१ आणि ८.०.६.४ या दोन आयपींमधले फ्लो शोधा. प्रोटोकॉल ०, पोर्ट ०. प्रयोगशाळेत या पत्त्यांची यंत्रं नव्हतीच. एआरपी (आयपीवरून यंत्राचा हार्डवेअर पत्ता विचारण्याची पद्धत) पॅकेटच्या सुरुवातीचे बाइट सोळा अंकी पद्धतीत असे असतात: ०८०६ (हे एआरपी आहे), ०००१ (इथरनेट), ०८०० (आयपीसाठी), ०६ आणि ०४ (पत्त्यांची लांबी). चार-चार बाइट तोडले की ८.६.०.१ आणि ८.०.६.४. ज्या पॅकेटला आयपीचं शीर्षकच नाही त्यातून साधनाने आयपी ‘वाचला’. या ओळी निरुपद्रवी म्हणून शिकवल्या जातात आणि त्यांच्या जोरावर अ‍ॅक्युरसीही वाढते.

लेबलं लावली आहेत ती वेळ आणि आयपीच्या आधारे: अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंत हल्लेखोराच्या पत्त्याशी जे बोलणं झालं ते हल्ल्याचं. त्यामुळे ज्या जोडणीत हल्ल्याचा मजकूर कधी गेलाच नाही, सर्व्हर आधीच गुदमरल्याने नुसती हाक मारून परत फिरली, तीही हल्ला म्हणून नोंदली गेली. उलट गुरुवारी दुपारी आत शिरलेल्या यंत्राने आपल्याच जाळ्यातल्या इतर यंत्रांचं स्कॅनिंग केलं, ते हजारो फ्लो मूळ फायलींत ‘निरुपद्रवी’ आहेत. शिरकावाचे फक्त ३६ का, याचं उत्तर इथे मिळतं. लूव्हनच्या गटाने पॅकेट्सपासून फ्लो पुन्हा बांधले आणि लेबलं पुन्हा लावली, तेव्हा २० टक्क्यांहून जास्त नोंदी बदलल्या. २०२२ मध्ये याच डेटासेटवर आणि त्याच्या २०१८च्या भावंडावर आणखी एक सविस्तर तपासणी झाली. दुसऱ्या एका गटाला मूळ पॅकेट फायलींतच दुबार आणि उलटसुलट क्रमातली पॅकेट्स सापडली. काही ठिकाणी कालावधी ऋण का येतो, ते त्यावरून कळतं.

९९ टक्के अ‍ॅक्युरसी येते कशी

हल्लेखोरांची यंत्रं फायरवॉलच्या पलीकडे होती. पत्ते बदलून आत येताना ती जवळपास सगळीच १७२.१६.०.१ या एकाच पत्त्याने येतात. मोठा गठ्ठा घेऊन ‘सोर्स आयपी’ रकाना ठेवला तर मॉडेलला एक ओळ पाठ केली की पुरतं. हे बहुतेकांना माहीत असतं, रकाना काढला जातो. ‘डेस्टिनेशन पोर्ट’ मात्र राहतो. एफटीपीचा हल्ला २१ वर, एसएसएचचा २२ वर, हार्टब्लीड ४४४ वर, वेबचे ८० वर. पोर्ट ४४४ वर दुसरं काही जवळपास नसताना मॉडेलने हार्टब्लीड ‘ओळखला’ याचा अर्थ काय घ्यायचा?

‘इनिट विंडो बाइट्स फॉरवर्ड’ हा रकाना आणखी बेरकी आहे. जोडणी सुरू करणाऱ्याने जाहीर केलेली सुरुवातीची टीसीपी विंडो (एका दमात किती डेटा घेता येईल तो आकडा) त्यात असते आणि ती ऑपरेटिंग सिस्टिमनुसार ठरते: त्या काळच्या लिनक्सवर साधारण २९,२००, बऱ्याच विंडोजवर ८,१९२. कुठल्या यंत्रावरून हल्ला झाला हे इथून फुटतं. हा रकाना महत्त्वाच्या फीचर्सच्या यादीत वर दिसला तर खूश होऊ नये. असाच प्रकार लिंकन लॅबच्या डेटात होता. हल्ल्याच्या पॅकेट्सचा टीटीएल (पॅकेट आणखी किती राउटर ओलांडू शकतं तो आकडा) १२६ किंवा २५३, तर नेहमीच्या वर्दळीचा बहुतांशी १२७ किंवा २५४. महोनी आणि चॅन यांनी ते २००३ मध्ये दाखवलं. वीस वर्षांत रकान्याचं नाव बदललं, गळती तीच.

मग विभागणी. प्रत्येक हल्ला एकाच दिवशी, एकाच वेळेच्या चौकटीत झाला आहे. सगळ्या ओळी सरसकट पिसून ८०-२० केलं तर शेजारशेजारच्या सेकंदांतले फ्लो दोन्हीकडे जातात. दिवसांप्रमाणे केलं तर मंगळवार-बुधवारचं शिकून शुक्रवारचा बॉट ओळखायचा, जो त्याने कधी पाहिलाच नाही. वर्गीकरणासाठी मधला मार्ग बरा: प्रत्येक हल्ल्याच्या चौकटीतला पहिला ७० टक्के वेळ प्रशिक्षणाला, मधली काही मिनिटं टाकून द्यायची, उरलेला चाचणीला. आकडा खाली येतो. यायलाच हवा. नवख्या हल्ल्याची विसंगती ओळखायची असेल तर हा डेटासेट जास्त सरळ वागतो: सोमवारवर शिकवा, बाकी चार दिवसांवर तपासा.

स्मोटची चूक सगळ्यांत जास्त वेळा दिसते. विभागणीच्या आधी हार्टब्लीडचे ११ फ्लो वाढवून हजारांत नेले जातात. स्मोट दोन शेजाऱ्यांच्या मधला बिंदू बनवतं, त्यामुळे चाचणीत जे येतं ते प्रशिक्षणातल्या फ्लोंचंच सख्खं भावंड. आधी विभागणी, मग फक्त प्रशिक्षणाच्या भागावर स्मोट. स्केलरही फक्त त्याच भागावर बसवायचा. चाचणीचा भाग हात न लावलेला, विषमच राहू द्यायचा.

डीप लर्निंगवाल्यांसाठी एक कडू गोष्ट. शरफाल्दीन, लश्करी आणि घोरबानी यांच्या २०१८च्या मूळ पेपरातच साध्या आयडी-३ डिसिजन ट्रीचा एफ-मेजर (खरे इशारे आणि पकडलेले हल्ले या दोन्ही प्रमाणांचा मेळ घालणारा गुण) ०.९८ आहे आणि रँडम फॉरेस्टचा ०.९७, तोही ७४ सेकंदांत. सीएनएन, एलएसटीएम, अटेन्शन असे न्यूरल नेटवर्कचे प्रकार सगळे एकावर एक रचून ०.९९ काढलं तर परीक्षकाचा पहिला प्रश्न ‘झाडाने किती दिले?’ हाच असतो आणि असावा. झाडाचा आकडा स्वतःच्याच विभागणीवर काढून तक्त्यात पहिल्या ओळीत ठेवा.

आणि अ‍ॅक्युरसी हा मथळ्याचा आकडा करू नका. समजा एखाद्या कंपनीच्या जाळ्यात दिवसाला १० लाख फ्लो आहेत आणि त्यात खरे हल्ल्याचे १०. मॉडेलचा खोट्या इशाऱ्यांचा दर ०.१ टक्का, ऐकायला झकास. रोज १,००० खोटे इशारे. दहाही हल्ले पकडले तरी दर १०१ इशाऱ्यांमागे एक खरा. रात्रपाळीचा माणूस दुसऱ्या आठवड्यात इशारे बघायचं सोडून देतो. म्हणून वर्गवार रिकॉल (त्या वर्गातले किती पकडले), मॅक्रो एफ-१ (सगळ्या वर्गांना समान वजन देऊन काढलेली एफ-मेजरची सरासरी) आणि ठरावीक खोट्या इशाऱ्यांच्या दराला (०.१ आणि ०.०१ टक्का) किती हल्ले सापडले, एवढं द्यावं. तिशीच्या आत नमुने असलेल्या वर्गाची टक्केवारी न देता ‘सातांपैकी पाच’ असं लिहावं. आर्प आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये सुरक्षेच्या नामांकित परिषदांमधले ३० पेपर तपासले, तेव्हा प्रत्येकात त्यांच्या यादीतल्या दहा चुकांपैकी किमान तीन आढळल्या. दिग्गजांचीही ही गत, तेव्हा आपण एक यादी भिंतीवर लावलेली बरी.

कशासाठी घ्यावा, कशासोबत घ्यावा

शिकण्यासाठी, पहिल्या सेमिनारसाठी, डेटा साफ करण्याचा सराव म्हणून निःशंक घ्या. गळती कशी शोधायची यावर काम करायचं असेल तर याच्याइतका उत्तम नमुना नाही, कारण चुका नोंदलेल्या आहेत आणि दुरुस्तीही उपलब्ध आहे. ‘आजच्या नेटवर्कवर चालेल’ असा दावा करायला मात्र घेऊ नका. एन्क्रिप्शनचं टीएलएस १.३ प्रमाणित झालं ऑगस्ट २०१८ मध्ये, वेबचं एचटीटीपी-३ जून २०२२ मध्ये. दोन्ही इथे नाहीत. हार्टब्लीड तर २०१४चं छिद्र, मुद्दाम जुनं ओपनएसएसएल बसवून दाखवलेलं.

जोडीला दुसरा डेटासेट हवाच. कॅनबेऱ्याचा यूएनएसडब्ल्यू-एनबी-१५ (२५,४०,०४४ नोंदी, नऊ प्रकारचे हल्ले) आणि प्रागचा सीटीयू-१३ (बॉटनेटचे तेरा प्रसंग, खऱ्या वर्दळीसह) हे दोन जुने पण परिचयाचे. रकाने वेगवेगळे असल्याने एकावर शिकवून दुसऱ्यावर तपासता येत नाही, ही अडचण ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या गटाने सोडवली आहे: त्यांनी अनेक डेटासेट नेटफ्लो या फ्लो नोंदवण्याच्या प्रचलित साच्याच्या ४३ सामायिक रकान्यांत आणून ठेवले. एकावर शिकवून दुसऱ्यावर चालवलं की ९९ चे किती उरतात हे एका दुपारी कळतं. तो आकडा पेपरात छापायला धाडस लागतं, पण वाचण्यासारखं त्या पेपरात बहुधा तेवढंच असतं.

२०१८चा भाऊ मोठा आहे, दीड कोटीहून जास्त फ्लो, अ‍ॅमेझॉनच्या साठवणीतून खातं न उघडता उतरवता येतो. पण तोही जुन्या फ्लोमीटरचंच अपत्य. मोठा आहे म्हणून चांगला, असं समजू नका.

दुरुस्त आवृत्ती दोन वाटांनी मिळते: तयार सीएसव्ही किंवा दुरुस्त फ्लोमीटर स्वतः पॅकेट्सवर चालवून. दुसरी वाट धरणार असाल तर पॅकेट फायली, मधले फ्लो आणि अंतिम सीएसव्ही मिळून १०० जीबी मोकळी जागा ठेवा, उतरवलेल्या प्रत्येक फाईलचा एमडी-५ (फाईल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा ठसा) जुळवा, आणि पॅकेट्स वेळेप्रमाणे लावून दुबार काढल्यावरच साधन चालवा. जावा आणि जेनेटपीकॅप या पॅकेट वाचणाऱ्या लायब्ररीच्या आवृत्त्या जुळवण्यात एक दिवस जातो. पायथनमधलं त्याच नावाचं साधन सोपं आहे, पण आकडे तंतोतंत जुळतील असं धरू नका. एका पेपरात दोन्हींची सरमिसळ नको. मूळ लेखकांपैकी लश्करी यांच्या गटाचं नवं साधन एनटीएलफ्लोलायझर आहे, त्याचे रकाने वेगळे.

दुरुस्त सीएसव्हीत ‘अटेम्प्टेड’ असं शेपूट लावलेली लेबलं भेटतील: हल्लेखोराची जोडणी होती, पण घात करणारा मजकूर गेला नाही. त्यांचं काय करायचं हे मॉडेल चालवण्याआधी ठरवून लिहून ठेवा. निरुपद्रवी धरलं, हल्ला धरलं की गाळलं, त्यावर स्लोलोरिस आणि बॉटसारख्या छोट्या वर्गांचे आकडे बरेच हलतात. तिन्ही करून पाहून सर्वांत देखणा तेवढा छापला, तर लूव्हनकरांनी केलेली सगळी मेहनत पाण्यात.